छोट्या व्यवसायानं देणगी द्यावी का, आणि कोणाला?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मी आणि माझा मोठा भाऊ मिळून वह्या, डायऱ्या आणि लेखनसाहित्य बनवण्याचा छोटा व्यवसाय चालवतो. नऊ माणसं कामाला आहेत. सुरुवातीची वर्षं ओढाताणीत गेली, आता कुठे हातात थोडा नफा उरू लागलाय. त्यातला काही भाग सामाजिक न्यायासाठी आणि पर्यावरणासाठी काम करणाऱ्या संस्थांना नियमित द्यावा, असं मला फार वाटतं. आमचा धंदाच कागदावर उभा आहे; झाडांचं आणि पाण्याचं आपण काही देणं लागतो. दादाचं म्हणणं, आधी धंदा मोठा होऊ दे, मग बघू. आणि द्यायचंच असेल तर झाडं लावणाऱ्यांना दे, हक्कांसाठी भांडणाऱ्या संस्थांच्या भानगडीत पडू नकोस, गिऱ्हाईक तुटेल. त्यात मध्यंतरी मी हा विषय कामावरच्या मंडळींसमोर काढला, तेव्हा बाइंडिंग करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "चांगलंच आहे, पण आधी आमच्या पगाराचं बघा की." मला पुढे बोलता आलं नाही. द्यावं का, किती, कोणाला आणि ते लोकांना सांगावं का, काहीच ठरत नाहीये.

उत्तर:

तुम्ही चार प्रश्न विचारलेत. पण पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला मावशींच्या वाक्यात दिसते, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मावशींनी तुम्हाला अडवलेलं नाही. त्यांनी एक क्रम सुचवलाय, आणि तो बरोबर आहे. सामाजिक न्याय म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कुणीतरी दूरची, न पाहिलेली माणसं येतात. पण छोट्या व्यवसायाच्या हातात न्याय-अन्यायाचा जो भाग थेट असतो, तो पगाराच्या यादीत आणि थकलेल्या बिलांत असतो. कामावरच्या कुणाला किमान वेतनापेक्षा कमी मिळतंय का? गर्दीच्या दिवसांत जास्त वेळ थांबणाऱ्यांना त्याचे पैसे मिळतात का? आजारी पडलं तर पगार कापला जातो का? कटिंग आणि छपाईचं काम बाहेर करून देणारा माणूस त्याच्या बिलासाठी किती महिने खेटे घालतो? यातल्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला अवघडल्यासारखं करत असेल, तर पहिला पैसा तिकडे जायला हवा. ज्याचं बिल तीन महिने थकलंय त्याच्या पैशातून केलेली देणगी खरं तर त्यानं दिलेली असते, तुम्ही नाही. त्याला विचारलंही जात नाही.

इथे एक सावधगिरी. "आधी घरचं" हे वाक्य फार सोयीचं असतं. ते खऱ्या अर्थानं वापरलं तर त्यातून पगारवाढ होते. पळवाट म्हणून वापरलं तर पगारवाढही होत नाही आणि देणगीही जात नाही. म्हणून नुसतं मान्य करून थांबू नका. दादांबरोबर बसून मागच्या वर्षाचा हिशेब समोर ठेवा आणि लिहून काढा: पगारात काय सुधारणा करणार, कधीपासून, पुरवठादारांची बिलं किती दिवसांत चुकती करणार. मग मावशींना आणि बाकीच्यांना हे स्वतः सांगा. ही यादी पूर्ण होईपर्यंत देणगी शून्य ठेवावी असं मला वाटत नाही. दोन्ही एकदम सुरू होऊ शकतात. फक्त पगाराचा वाटा ठळकपणे मोठा हवा, आणि तो सगळ्यांना दिसायला हवा.

आता दादांचा मुद्दा: आधी धंदा मोठा होऊ दे. त्यामागची काळजी मला खरी वाटते. खेळतं भांडवल आटलं की छोटा व्यवसाय एका वाईट हंगामात बसतो, आणि तो बसला तर नऊ घरांवर परिणाम होतो. म्हणून दोन-तीन महिन्यांचे पगार भागतील एवढी गंगाजळी आधी बाजूला असावी, यावर मी दादांच्या बाजूनं आहे. पण "मोठा" म्हणजे किती, हे त्यांना विचारा. आकडा किंवा तारीख मिळाली, तर ते नियोजन आहे. मिळाली नाही, तर तो नकार आहे, आणि नकार असेल तर तसं स्पष्ट बोललेलं दोघांसाठी बरं. धंदा वाढतो तशी यंत्रं, जागा, कर्जाचे हप्ते वाढतात. हात मोकळा झालाय असं वाटण्याचा दिवस आपोआप उजाडत नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रात न बोलता गृहीत धरलेली आहे: हा पैसा कोणाचा? अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी 1970 साली न्यूयॉर्क टाइम्सच्या रविवारच्या पुरवणीत लिहिलेला एक लेख व्यवसायानं समाजकार्य करण्याच्या विरोधात आजही पुढे केला जातो. कंपनीचा व्यवस्थापक देणग्या देतो तेव्हा तो भागधारकांचा, ग्राहकांचा, कामगारांचा पैसा त्यांना न विचारता खर्च करतो, असा त्यांचा आक्षेप होता. पण त्याच लेखात ते हेही मान्य करतात की एकट्या मालकाचा धंदा असेल तर तो स्वतःचाच पैसा खर्च करत असतो. म्हणजे तुमच्यासारख्यांना तो आक्षेप फारसा लागू होत नाही, एक अपवाद सोडून: तुमचे मालक दोन आहेत. दादांची मनापासून संमती नसताना व्यवसायाच्या खात्यातून देणगी देऊ नका. एकमत होत नसेल तर तुमच्या वाट्याला आलेल्या नफ्यातून तुम्ही वैयक्तिक द्या. त्यात काही कमीपणा नाही. वर्षभर तसं केलंत, तर दादांना आकडे आणि काम दोन्ही दिसेल आणि बोलणं सोपं होईल.

किती द्यायचं, याकडे येऊ. इथे लोक उत्साहात एक आकडा जाहीर करतात आणि तो कशावर मोजायचा हे पाहत नाहीत. पॅटागोनिया ही कपडे बनवणारी कंपनी 1985 पासून विक्रीचा 1 टक्का पर्यावरणासाठी देत आली आहे. तिचे संस्थापक इव्हॉन शुइनार्ड आणि मासेमारीच्या साहित्याचं छोटं दुकान चालवणारे क्रेग मॅथ्यूज यांनी मिळून 2002 मध्ये 'वन पर्सेंट फॉर द प्लॅनेट' सुरू केलं. त्यात सामील होणारे व्यवसायही विक्रीच्या 1 टक्क्याचं वचन देतात. बेन अँड जेरीज या आइस्क्रीम कंपनीनं 1985 मध्ये प्रतिष्ठान स्थापन केलं, तेव्हा करपूर्व नफ्याच्या 7.5 टक्क्यांचं ठरवलं. ऐकायला 1 टक्का लहान आणि 7.5 टक्के मोठा वाटतो. पण तुमचा नफा विक्रीच्या शेकडा 5 असेल, तर विक्रीचा 1 टक्का म्हणजे नफ्याचे 20 टक्के झाले! नफा शेकडा 20 असेल, तर तोच 1 टक्का नफ्याच्या 5 टक्क्यांवर येतो.

विक्रीवर मोजण्याचा फायदा असा की त्यात लपवाछपवीला जागा कमी राहते. नफा कागदावर कमी-जास्त दाखवता येतो, विक्री तितक्या सहज दाखवता येत नाही. तोटा असा की तोट्याच्या वर्षीही ते देणं उभंच राहतं. तुमच्याकडे आत्ताच नफा उरू लागलाय, मार्जिन पातळ आहे. म्हणून मी तुम्हाला नफ्यावर आधारलेला वाटा सुचवेन, आणि त्यासोबत एक लहानशी पक्की रक्कम, जी वर्ष कसंही गेलं तरी जाईल. ही रक्कम इतकी लहान ठेवा की वाईट वर्षीही ती देताना पगारांना धक्का लागणार नाही. संस्थांना मोठी पण एकदाच आलेली देणगी आणि लहान पण दरवर्षी येणारी देणगी यांत दुसरीचा उपयोग बहुधा जास्त होतो, कारण तिच्या भरवशावर माणूस कामाला ठेवता येतो. शक्य असेल तर सुरुवातीलाच तीन वर्षांचा शब्द द्या. मात्र वर्षाच्या शेवटी उरलंसुरलं देण्याची पद्धत ठेवू नका. वीजबिलासारखं ते खर्चाच्या यादीत आधीच लिहिलेलं असू द्या.

आता कोणाला. इथे दादांशी माझा खरा मतभेद आहे. त्यांनी झाडं आणि हक्क अशा दोन पेट्या केल्यात, एक निरुपद्रवी आणि एक धोक्याची. तुमच्याही पत्रात ही वाटणी नकळत आलीय. पण प्रत्यक्षात ती टिकत नाही.

वांगारी माथाई यांनी 1977 मध्ये केनियात हरित पट्टा चळवळ सुरू केली. खेड्यातल्या बायकांनी रोपं तयार करायची, आणि जगलेल्या रोपामागे त्यांना थोडे पैसे मिळायचे. यापेक्षा निरुपद्रवी काम कोणतं? पण झाडं लावता लावता प्रश्न पुढे आला की जमीन कोणाच्या ताब्यात आहे. 1989 मध्ये नैरोबीतल्या उहुरू पार्कमध्ये सरकार उंच टोलेजंग इमारत बांधणार होतं. माथाई त्याविरुद्ध उभ्या राहिल्या आणि तो बेत शेवटी सोडून द्यावा लागला. पुढे करूरा जंगलाची जमीन खासगी बांधकामासाठी वाटली जात होती, तेव्हा 1999 मध्ये तिथे झाड लावायला गेलेल्या माथाईंना मारहाण झाली. 2004 मध्ये त्यांना नोबेल मिळालं, तेही शांततेचं. झाडं लावणाऱ्या बाई आणि हक्कांसाठी भांडणाऱ्या बाई एकच होत्या. चिपको आंदोलनाची सुरुवातही अशीच. 1973 मध्ये शेतीची अवजारं बनवण्यासाठी स्थानिक लोकांच्या संस्थेला अंगूची झाडं नाकारली गेली आणि तीच झाडं बाहेरच्या क्रीडासाहित्याच्या कंपनीला देण्यात आली. जंगल वाचवायला निघालेल्या माणसांचा पहिला सवाल होता, या जंगलावर हक्क कोणाचा?

तुमच्या व्यवसायाकडेच पाहा. कागदाचा लगदा बनवायला भरपूर पाणी लागतं, आणि गिरणीतलं सांडपाणी नीट शुद्ध न करता सोडलं तर ते खालच्या अंगाच्या वस्तीच्या विहिरीत, शेतात उतरतं. तुम्ही पुनर्वापराचा कागद घेत असाल, तर त्यातली रद्दी कुणीतरी कचऱ्यातून वेचलेली असू शकते, कदाचित उघड्या हातांनी. त्या पाण्याचा प्रश्न पर्यावरणाचा की न्यायाचा? कचरावेचकांच्या संघटनेला दिलेली देणगी कोणत्या पेटीत टाकायची? म्हणून माझी सूचना अशी: संस्था शोधताना 'विषय' शोधू नका, तुमच्या मालाचा प्रवास उलटा चाला. कागद कुठून येतो, शाई कुठे जाते, कात्रण कोण नेतं, वही फेकल्यावर तिचं काय होतं. त्या वाटेवर जिथे माणसाला किंवा मातीला इजा होते, तिथे काम करणारी संस्था तुमची. असं निवडलंत तर गिऱ्हाइकानं "तुम्ही यांनाच का देता?" असं विचारल्यावर तुमच्याकडे साधं, खरं उत्तर असेल. आणि एक-दोनच निवडा. दहा संस्थांना चिमूटभर दिलं की प्रत्येकीला पावती बनवायचा त्रास तेवढा होतो.

नुसत्या वृक्षारोपणाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. रोप लावणं हे त्या कामातलं सगळ्यात स्वस्त आणि फोटोला सगळ्यात सोपं पाऊल आहे. पुढची दोन-तीन वर्षं पाणी, कुंपण, गुरांपासून राखण हे खरं काम. अशा संस्थेला द्यायचं ठरलं, तर किती लावली हे न विचारता मागच्या वर्षांतली किती जगली हे विचारा. शिवाय गवताळ माळ हीसुद्धा जिवंत जागा असते. तिथे झाडं दाटीनं लावली तर नुकसानच होतं. ठिकाण आणि झाडाची जात कोणी, कशी निवडली, तेही विचारा.

संस्थेची निवड करताना लोक पहिला प्रश्न विचारतात, "प्रशासनावर किती टक्के खर्च करता?" हा प्रश्न दिसतो तितका शहाणा नाही. 2013 मध्ये संस्थांची माहिती देणाऱ्या आणि मूल्यमापन करणाऱ्या अमेरिकेतल्या तीन मोठ्या संघटनांनी, गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स यांनी, देणगीदारांना एकत्रित जाहीर पत्र लिहून हेच सांगितलं: केवळ वरखर्चाच्या टक्क्यावरून संस्था जोखू नका. वकिलाची फी, कार्यालयाचं भाडं, हिशेब ठेवणाऱ्याचा पगार हे सगळं 'प्रशासन'च असतं, आणि त्याशिवाय नदीच्या प्रदूषणाचा एकही खटला उभा राहत नाही. त्याऐवजी हे पाहा: संस्था नोंदणीकृत आहे का, हिशेब तपासलेले आणि खुले आहेत का, ज्यांच्यासाठी काम चालतं त्या माणसांचा निर्णयात आवाज आहे का, आणि फसलेल्या कामाबद्दल ते मोकळेपणानं बोलतात का. शेवटचा मुद्दा मी फार मानते. फोन करा, जमलं तर भेटून या. तासाभरात बरंच कळतं.

पैसे देताना शक्यतो अट घालू नका. "हे फक्त रोपांसाठी" किंवा "फक्त वह्यावाटपासाठी" असं म्हटलं की संस्थेला गरज एकीकडे आणि पैसा दुसरीकडे, अशी कसरत करावी लागते. अमेरिकेतल्या मोठ्या देणगीदार मॅकेंझी स्कॉट यांनी 2020 पासून अब्जावधी डॉलर संस्थांना दिले ते बहुतांशी असेच, कशावर खर्च करायचा हे संस्थेवर सोपवून. तुमची रक्कम त्यापुढे कणभर असेल, पण विश्वास तेवढाच दाखवता येतो. छोट्या देणगीसाठी तिमाही अहवाल, छायाचित्रं, आभारपत्रं मागू नका. त्यांचा वार्षिक अहवाल वाचा, पुरे. आणि एक कळकळीची विनंती: छपाईत बिघडलेला, खपला नाही असा माल 'देणगी' म्हणून पाठवू नका. त्यांना खरंच वह्या हव्या असतील तर विचारा, आणि द्यायच्याच तर दुकानात ठेवता त्याच प्रतीच्या द्या.

कर-सवलतीबद्दल फार लिहीत नाही, कारण नियम देशोदेशी वेगळे. देण्याआधी अकाउंटंटशी बोला, पावती घ्या, आणि सवलत मिळते म्हणून संस्था निवडू नका.

राहिला जाहिरातीचा प्रश्न. लपवून ठेवा असं मी म्हणणार नाही; तुमचं पाहून दुसरा एखादा व्यावसायिक सुरू करतो, हा मोठाच फायदा आहे. पण विक्रीशी देणगी जोडताना जपून. 1983 मध्ये अमेरिकन एक्सप्रेसनं स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या दुरुस्तीसाठी कार्डाच्या प्रत्येक वापरामागे एक सेंट देण्याची मोहीम काढली; सुमारे 17 लाख डॉलर जमले, कार्डांचा वापरही वाढला, आणि तेव्हापासून ही पद्धत जगभर रुळली. त्यात गैर काही नाही, पण तिथे ग्राहक आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच कमी देत असतो, आणि हे त्याला स्पष्ट कळायला हवं. "नफ्यातला काही भाग चांगल्या कामासाठी" असं वहीच्या मागे छापू नका. कोणत्या संस्थेला, मागच्या वर्षी किती दिले, हे आकड्यात लिहा. संस्थेचं नाव वापरण्याआधी तिची लेखी परवानगी घ्या. काही ठिकाणी, जसं अमेरिकेतल्या अनेक राज्यांत, विक्रीशी जोडलेल्या अशा देणगीला स्वतंत्र कायदे लागू होतात. तुमच्याकडे काय आहे ते विचारून घ्या. आणि मावशींच्या पगाराचं काम झाल्याशिवाय तर काहीच छापू नका, कारण ती वही बांधणार त्याच आहेत.

गिऱ्हाईक तुटेल का? एखादं तुटेलही. प्रदूषणाविरुद्ध कोर्टात उभ्या राहणाऱ्या संस्थेला दिलंत, तर कुणीतरी नाराज होणारच, आणि झाडं लावणाऱ्या संस्थेलाही तो दिवस कधीतरी पाहावा लागतो. माझं मत विचाराल तर ज्या कामाला सहजासहजी पैसा मिळत नाही, कोर्टकचेऱ्या, माहिती गोळा करणं, संघटना बांधणं, तिथे छोट्या व्यवसायाच्या देणगीचं वजन जास्त पडतं. मोठ्या कंपन्या बहुधा वादापासून दूर राहतात. तुम्हाला संचालक मंडळाला उत्तर द्यायचं नाही. तरी दादांना हे जड जात असेल, तर पहिल्या वर्षी जाहीर न करता द्या. काही बिघडत नाही.

कामावरच्या मंडळींना यात कसं घ्यायचं, हेही ठरवा. त्यांच्या पगारातून वर्गणी कापू नका, 'ऐच्छिक' म्हणूनही नाही. मालकासमोर ऐच्छिक असं फार थोडं असतं. पण संस्था निवडताना त्यांचं मत जरूर विचारा. कुणाच्या वस्तीत पाण्याचा प्रश्न असेल, कुणाची बहीण एखाद्या संघटनेत काम करत असेल. त्यांना जे माहीत आहे ते तुम्हाला वेबसाइटवर सापडणार नाही.

असंच पत्र लिहिणाऱ्या इतर काही वाचकांसाठी: तुमचा व्यवसाय अजून कर्जात असेल, हप्ते चुकत असतील, तर पैशाची देणगी थांबवा आणि त्याबद्दल मनाला लावून घेऊ नका. तुमचं कौशल्य द्या. हिशेब येत असेल तर एखाद्या छोट्या संस्थेची वर्षाची हिशेबवही लावून द्या, छपाई येत असेल तर त्यांचा अहवाल छापून द्या. फक्त ते काम गिऱ्हाइकाच्या कामाइतकंच वेळेवर आणि नीट करा, आणि काय करून देणार, किती तास, कधीपर्यंत, हे आधी लिहून घ्या.